पासवर्ड तुमचा, बेफिकिरी कोणाची?

दर वर्षी कुठली तरी कंपनी 'जगातल्या सर्वांत कमकुवत पासवर्डांची' यादी काढते. वर १२३४५६ किंवा खुद्द 'पासवर्ड' हाच शब्द, खाली कीबोर्डावरच्या ओळीतली सलग अक्षरं, मग एखादं नाव, एखादा फुटबॉल क्लब. बातम्या होतात, लोक हसतात, जाणकार कपाळाला हात लावतात आणि निकाल लागतो: माणसं आळशी आहेत. मग दुसरा पक्ष उठतो. त्याचं म्हणणं, पासवर्डच मोडीत काढा. बोट लावा, चेहरा दाखवा, काम झालं. दोघंही तावातावानं बोलतात, पण एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. ही यादी तुमच्या हाती आली कुठून? पासवर्ड ही ज्याची त्यालाच ठाऊक असायची गोष्ट. लाखो लोकांचे पासवर्ड मोजून त्यांची क्रमवारी लावता येते, तेव्हा ते कुणीतरी जपायचे होते आणि जपले नाहीत, एवढं तर उघडच आहे. लोकांच्या आळसाचा पुरावा म्हणून जी यादी मिरवली जाते ती मोठ्या प्रमाणात अशाच फुटलेल्या साठ्यांतून तयार होते.

२००९ साली रॉकयू या कंपनीकडचे सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. त्यांतले जवळजवळ २ लाख ९० हजार १२३४५६ होते, आणि हा आकडा आजही भाषणांत ऐकायला मिळतो. कंपनीनं सगळे पासवर्ड जसेच्या तसे, वाचता येतील असे साठवले होते, ही गोष्ट मात्र भाषणात क्वचितच येते. १२३४५६ ठेवणाऱ्याचं जे झालं तेच वीस अक्षरांचा अवघड पासवर्ड घोकून ठेवणाऱ्याचंही झालं. मग कान कुणाचे धरायचे? माझं मत असं की पासवर्डचा वाद आपण स्मरणशक्तीचा वाद म्हणून लढतोय, आणि तिथंच घसरतोय. मूळ प्रश्न पडताळणीचा आहे. लक्षात ठेवणाऱ्यावर गेल्या साठ वर्षांत नियमांवर नियम लादले गेले. पडताळून पाहणारा आपलं काम नीट करतो की नाही, याची चौकशी त्या मानानं फारच थोडी झाली.

सुरुवातच पाहा. १९६१ च्या सुमारास एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूनं एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी सीटीएसएस ही यंत्रणा उभारली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात आणि ज्याला जितका वेळ मंजूर तितकाच मिळावा, म्हणून पासवर्ड आला. १९६२ मध्ये एलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला मिळालेला वेळ पुरेना. त्यानं काय केलं? कुणाच्या पासवर्डाचा अंदाज बांधत बसला नाही. पासवर्डांची अख्खी फाइल छापून द्यावी अशी विनंती यंत्रणेला केली आणि यंत्रणेनं ती छापून दिली. पुढे १९६६ च्या सुमारास त्याच यंत्रणेत एकानं लॉगिनच्या वेळी दिसणारा स्वागताचा मजकूर आणि दुसऱ्यानं पासवर्डांची फाइल एकाच वेळी दुरुस्त करायला घेतली. संपादनाच्या प्रोग्रामनं दोन्हींची अदलाबदल केली, आणि त्यानंतर लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर सगळ्यांचे पासवर्ड झळकले. पासवर्डांच्या इतिहासातल्या या पहिल्या दोन प्रसिद्ध गळती. दोन्हींत कुणाचा पासवर्ड सोपा होता की अवघड, याला काडीचं महत्त्व नव्हतं.

खरं तर पासवर्ड तपासण्यासाठी तो आपल्याकडे लिहून ठेवायची गरजच नसते. केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांनी साठच्या दशकातच ही युक्ती काढली. पासवर्ड एका अशा गणिती प्रक्रियेतून काढायचा की पुढे जाणं सोपं आणि मागे येणं जवळजवळ अशक्य. साठवायचं ते फक्त आलेलं उत्तर, म्हणजे हॅश. माणूस पुन्हा आला की त्यानं दिलेला शब्द त्याच प्रक्रियेतून काढायचा आणि उत्तर जुळतं का ते पाहायचं. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या संगणक-प्रणालीच्या अनुभवावरून लिहिलेल्या निबंधात आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. एक, ही प्रक्रिया मुद्दाम संथ ठेवा. खऱ्या माणसाला क्षणभर थांबायला हरकत नसते, पण अब्जावधी अंदाज करून पाहणाऱ्या चोराचं त्यानं कंबरडं मोडतं. दुसरी, प्रत्येक पासवर्डात एक वेगळी यादृच्छिक संख्या मिसळा, म्हणजे दोघांचा पासवर्ड एक असला तरी हॅश निराळा येईल. तिला सॉल्ट म्हणतात. अशाच संथ हॅश-पद्धतींपैकी १९९९ मध्ये बीक्रिप्ट आलं, २००९ मध्ये एसक्रिप्ट, २०१५ मध्ये खुल्या स्पर्धेतून आर्गॉन-२ निवडलं गेलं. सगळं ज्ञान उघड्यावर आहे, फुकट आहे. तरीही २०१२ मध्ये लिंक्डइनचे पासवर्ड फुटले तेव्हा त्यांत सॉल्ट नव्हतं. २०१३ मध्ये ॲडोबीचे फुटले तेव्हा ते हॅशऐवजी उलट उलगडता येतील अशा पद्धतीनं कुलूपबंद केलेले होते, आणि शेजारी लोकांनी दिलेली 'आठवणीची खूण' जशीच्या तशी. १९७९ चा धडा ज्यांनी २०१३ पर्यंत गिरवला नाही, त्यांना आळशी म्हणणारी यादी कुठं छापली जाते?

आता लोकांना आळशी म्हणणाऱ्यांचा सर्वांत मजबूत मुद्दा घेतो, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी त्याच निबंधात ३,२८९ पासवर्ड तपासले होते, आणि ८६ टक्के सहज शोधता येतील असे निघाले. १५ जणांचा पासवर्ड म्हणजे एकच अक्षर होतं! १९८८ मध्ये इंटरनेटभर पसरलेल्या पहिल्या मोठ्या कीड-प्रोग्रामच्या (एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामच्या) पोटात ४३२ नेहमीच्या शब्दांची यादी होती आणि तेवढ्यावर तो अनेक खात्यांत शिरला. (तो लिहिणारा तरुण याच रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा, हा योगायोग कादंबरीत घातला तर संपादक काढायला लावील.) जाणकारही सुटत नाहीत. केन थॉम्प्सन यांचा जुना युनिक्स पासवर्ड २०१९ मध्ये उलगडला. निघाली बुद्धिबळातली चाल, वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. हॅश कितीही चांगला असला तरी १२३४५६ वाचवता येत नाही, कारण चोर पहिला अंदाज तोच करतो. आणि एकाचा ढिलेपणा त्याच्यापुरता राहत नाही. एका कर्मचाऱ्याच्या खात्यातून शिरलेला चोर अख्ख्या संस्थेत फिरतो. हे सगळं मला मान्य आहे.

पण यातून 'लोकांना शिस्त लावा' हा निष्कर्ष निघत नाही. १९७९ पासून आजपर्यंत सगळ्या देशांत, सगळ्या पिढ्यांत, शिकलेल्या-न शिकलेल्या माणसांत एकच वागणूक दिसत असेल, तर तिला दोष म्हणून काय उपयोग? पूल बांधणारा अभियंता पोलाद वाकतं म्हणून पोलादावर चिडत नाही. माणसाची स्मृती कशी चालते हे आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरसमूह पाठ करायचे आणि किती वेळात किती विसरतो ते मोजायचं. अर्थ नसलेली गोष्ट झपाट्यानं पुसली जाते आणि ठरावीक अंतरानं उजळणी केली तरच टिकते, हे त्यांतून दिसलं. चांगला पासवर्ड म्हणजे काय? अर्थ नसलेली, ओळखीच्या कशाशीही न जुळणारी गोष्ट. म्हणजे जे विसरायला सर्वांत सोपं, नेमकं तेच लक्षात ठेवायला आपण सांगतो.

तरी स्मृतीला कमीही लेखू नका. २०१४ मध्ये जोसेफ बोनो आणि स्टुअर्ट शेक्टर यांनी लोकांना थोड्या थोड्या वेळानं, लॉगिन करता करता, ५६ बिटांचं, म्हणजे २ च्या ५६ व्या घाताइतक्या शक्यतांतून निवडलेलं, पूर्णपणे यादृच्छिक गुपित शिकवलं. दहातल्या नऊंहून जास्त जणांनी ते आत्मसात केलं. अडचण संख्येची आहे. २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात माणसामागे सुमारे २५ खाती आणि साडेसहा पासवर्ड आढळले, म्हणजे एकेक पासवर्ड सरासरी चार ठिकाणी. त्यानंतर खात्यांची संख्या कुठं पोहोचली ते ज्यानं त्यानं आपल्यापुरतं मोजावं. एक-दोन अवघड गुपितं डोक्यात राहतात, शंभर राहत नाहीत. शंभर ठिकाणी शंभर वेगळे, अवघड, न लिहिलेले पासवर्ड ठेवा असा सल्ला देणारा माणूस स्वतः तसं करत नाही, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

आणि नियम तरी कुठल्या पायावर उभे होते? अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ च्या सुमारास मार्गदर्शिका लिहिली. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह हवंच आणि ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदला, हे सल्ले तिच्यातून जगभर पसरले. २०१७ मध्ये त्यांनीच त्यातल्या बऱ्याच भागाबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. दरम्यान २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी मुदत संपल्यामुळे बदललेल्या जुन्या पासवर्डांचा अभ्यास केला. जुना पासवर्ड हाती असेल तर १७ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड पाचाहून कमी अंदाजांत सापडत होता. साहजिक आहे. शेवटच्या १ चा २ होतो, उद्गारचिन्ह एकाचं दोन होतं. यंत्राला बदल दिसतो, चोराला दिसत नाही.

मुदतीची कल्पना आली कुठून, याचं एक उत्तर इतिहासात सापडतं. रोमन सैन्याच्या छावणीत रोज संध्याकाळी नवा परवलीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून तुकड्यातुकड्यांतून फिरवला जाई, असं पॉलिबियस या प्राचीन ग्रीक इतिहासकारानं नोंदवलं आहे. तो शब्द हजारो सैनिकांना ठाऊक असे, म्हणून त्याचं आयुष्य एका रात्रीचं. ज्याचं गुपित हजारांत वाटलेलं आहे त्यानं ते रोज बदलावं, हे बरोबरच. पण एकट्याला ठाऊक असलेलं, कुठंही न फुटलेलं गुपित दर तीन महिन्यांनी का बदलायचं? पॉलिबियसच्या वर्णनातला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो, कारण आपण नेमका तोच उचलला नाही. त्या सगळ्या पाट्या अंधार पडण्याआधी अधिकाऱ्याकडे परत याव्या लागत. एखादी आली नाही तर तिच्यावरच्या खुणेवरून ती कुठं अडकली ते शोधून जबाबदार माणसाला शिक्षा होई. म्हणजे गुपित ज्यांच्या हातून जातं त्यांचा रोज हिशेब.

एनआयएसटीनं २०१७ पासून आपला सूर बदलला. अक्षर-आकडा-चिन्हाची सक्ती नको, कारण नसताना मुदत नको, त्याऐवजी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहा आणि लांब पासवर्ड स्वीकारा. पडताळणाऱ्यानं काय करायचं, हे शेवटी कुणीतरी लिहिलं. तरीही असंख्य कार्यालयांत मुदतीची ती सूचना अजून येतेच. नियम लिहायला एक दिवस लागतो, पुसायला पिढी.

पडताळणाऱ्याच्या हातात किती बळ असतं हे पाहायचं असेल तर एटीएम पाहा. चार आकडी पिन म्हणजे फक्त १०,००० शक्यता. संगणकाला त्या मोजायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागणार नाही. पिनचे आकडे चारच का, यामागं एटीएमच्या जनकांपैकी एक मानले जाणारे जॉन शेफर्ड-बॅरन सांगत ती गोष्ट प्रसिद्ध आहे: त्यांच्या मनात सहा होते, पत्नी म्हणाली मला चारच लक्षात राहतील. आणि ही इतकी कच्ची गोष्ट अर्धशतक का टिकली? यंत्र दोन-तीन चुकांनंतर थांबतं आणि हातात कार्डही लागतं. तिथं माणसाच्या स्मृतीची मर्यादा आधी मान्य केली गेली आणि उरलेला भार तपासणाऱ्यानं उचलला. संगणकाच्या लॉगिनमध्ये हेच उलटं का व्हावं?

एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरण्याचा मुद्दा उरतो, आणि माझ्या मते सगळ्यांत घातक सवय हीच. एका फालतू साइटवरून फुटलेला पासवर्ड ईमेलच्या खात्याला लावून पाहणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. पण यावरचा उपाय म्हणजे पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डामागे कुलूपबंद ठेवणारा प्रोग्राम, आणि त्याच्याही वाटेत पडताळणारेच आडवे येतात. कित्येक साइट पासवर्डाच्या रकान्यात पेस्ट करू देत नाहीत, जणू बोटांनी टंकलेलं तेवढंच पवित्र. मॅनेजरवरचा आक्षेप खरा आहे: सगळं एका ठिकाणी. २०२२ मध्ये लास्टपास या मॅनेजर पुरवणाऱ्या कंपनीकडून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा होता त्यांना त्याची खरी भीती. म्हणून तो एक पासवर्ड मात्र डोक्यात आणि भक्कम हवा. तो माणसानं 'सुचेल तसा' निवडू नये. १९९५ पासून माहीत असलेली फाशांची पद्धत पुरते: पाच फासे टाकायचे, ७,७७६ शब्दांच्या यादीतला त्या आकड्यांचा शब्द घ्यायचा, असे सहा शब्द. यादी कुठल्याही भाषेची चालते, निवड मात्र फाशांनीच करायची. आणि बाकीचे कागदावर लिहिले तर? लिहा की. हजारो मैलांवरचा चोर तुमच्या पाकिटातला कागद वाचू शकत नाही. घरातल्याच माणसापासून गुपित राखायचं असेल तर गोष्ट वेगळी, आणि अशी गरज असलेली माणसं थोडी नाहीत. त्यांना कागदाचा सल्ला देऊ नये. पण 'लिहू नका' हा सरसकट आदेश मोठ्या सामाईक खोल्यांत, टर्मिनलशेजारी बसणाऱ्यांच्या काळातला आहे.

आता पडताळणीतला सर्वांत खोल दोष. लॉगिनच्या पानावर मी माझं गुपित सांगतो, पण समोरचा तोच आहे हे मला कोण सांगतं? खोट्या पानावर खरा पासवर्ड टाकणाऱ्याला आपण भोळा म्हणतो. पण दोन्ही पानं हुबेहूब असतील तर त्यानं ओळखायचं कशावरून? पत्त्याच्या पट्टीतल्या एका अक्षराच्या फरकावरून? १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकी छत्रीधारी सैनिकांनी अंधारात 'फ्लॅश' अशी हाक द्यायची आणि समोरच्यानं 'थंडर' म्हणायचं, असं ठरलं होतं. हाक देणाऱ्यालाही अर्धं गुपित ठाऊक असावं लागे, दोघांची परीक्षा. संगणकातही हे अशक्य नव्हतं. पासवर्ड समोरच्याला न सांगता, दोन्ही बाजूंना तो ठाऊक आहे एवढंच सिद्ध करणारी पद्धत बेलोविन आणि मेरिट या संशोधकांनी १९९२ मध्येच मांडली. नेहमीच्या लॉगिनमध्ये ती आली नाही. रकाना दाखवा आणि गुपित मागून घ्या, हेच स्वस्त पडलं.

म्हणूनच पासवर्ड मोडीत काढा म्हणणाऱ्यांशी मी अर्ध्या वाटेपर्यंत सहमत आहे. पासकी म्हणजे पासवर्डाऐवजी उपकरणानंच ओळख पटवायची नवी पद्धत. तिच्यात गुपित तुमच्या उपकरणात किंवा तुमच्या मॅनेजरमध्ये राहतं, साइटकडे फक्त ते गुपित पडताळणारी, उघड झाली तरी चालणारी सार्वजनिक किल्ली जाते. ती चोरून चोराला लॉगिन करता येत नाही. शिवाय पासकी साइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे खोट्या पानावर ती चालतच नाही. ही पडताळणीची सुधारणा आहे. जाहिरातीत मात्र दाखवतात बोट आणि चेहरा, आणि घोटाळा तिथं होतो. बोटाचा ठसा हे गुपित नव्हे. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. त्यांनी आता बोटं बदलायची का? पासकीत ठसा फक्त उपकरण उघडतो, बाहेर जात नाही, हे लोकांना नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या कुणीही ठसे गोळा करून ठेवील आणि त्यालाच आधुनिकता म्हणेल.

आणि उपकरण हरवलं की काय? इथं बिनपासवर्डवाले गडबडतात. परत येण्याची वाट बहुधा ईमेल, ओटीपी किंवा 'सुरक्षा प्रश्न' अशीच असते, आणि दार कितीही भक्कम केलं तरी चोर याच वाटेनं येतो. २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या ईमेल खात्यात एक विद्यार्थी शिरला तो पासवर्ड फोडून नव्हे. जन्मतारीख, पिन कोड आणि नवऱ्याशी ओळख कुठं झाली, एवढ्या उत्तरांवर त्याला नवा पासवर्ड लावून मिळाला. ती उत्तरं जाहीर माहितीत होती. त्या खात्याचा मूळ पासवर्ड कितीही अवघड असता तरी काय फरक पडला असता?

तपासणाऱ्याला तपासणं सामान्य माणसालाही थोडंफार जमतं. 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारल्यावर साइटनं तुमचा जुनाच पासवर्ड ईमेलनं धाडला, तर तो तिच्याकडे वाचता येईल असा पडून आहे. पासवर्ड १२ अक्षरांहून मोठा नको असं ती म्हणत असेल तर संशय घ्या, कारण हॅशची लांबी पासवर्डावर अवलंबून नसते (बीक्रिप्टला ७२ बाइटची मर्यादा आहे, पण ती बाराच्या कितीतरी पुढे). यापलीकडचं मात्र बाहेरून दिसत नाही, ते पाहायला कायद्याचा अधिकार लागतो. २०१९ मध्ये फेसबुकनं कबूल केलं की कोट्यवधी लोकांचे पासवर्ड आतल्या यंत्रणांत वाचता येतील असे साठले होते. ते बाहेर गेल्याचा पुरावा नव्हता. तरीही आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगानं २०२४ मध्ये फेसबुक चालवणाऱ्या मेटाला ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. कंपनीच्या मानानं रक्कम किरकोळ आहे आणि निकालाला पाच वर्षं लागली. पण लोकांनी कसले पासवर्ड ठेवले होते, हा प्रश्न त्या चौकशीत गैरलागू होता. कंपनीनं ते कसे ठेवले, हे विचारलं गेलं.